मदेराची उकडलेली वाइन, लोहारगल्लीतली खोली आणि आमची माळकरी आत्या

उद्यमबाग (धागाकर्ता)

गोव्याहून येताना पोर्ट वाइनची एक तरी बाटली डिकीत न टाकलेला बेळगावकर मी अजून बघितलेला नाही. पिणारा असो नाहीतर नसो. कुणी साहेबांसाठी आणतो, कुणी 'थंडीत बायकांना बरी असते' म्हणून आणतो. लाल, गोड, खोकल्याच्या औषधाची सख्खी बहीण. पन्नाशी आली तरी फोर्टिफाइड, म्हणजे वरून मद्यार्क घालून कडक केलेल्या वाइनची माझी समज तिथंच अडकलेली होती.

धाकटा भाऊ लिस्बनला नोकरीला आहे. या एप्रिलमध्ये त्याच्याकडे गेलो. सोबत बायको आणि आमची आत्या. आत्या एकाहत्तर वर्षांची, गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर. सासर संकेश्वरकडचं, घरचं गुऱ्हाळ होतं. मुलं पुण्याला. "मी एकटी घरात काय करू, मला पण ने की," म्हणाली, नेली.

भावानं चार दिवस मदेरा बेटावर काढायचे ठरवले होते. लिस्बनपासून जवळजवळ हजार किलोमीटर, अटलांटिक समुद्रात, पोर्तुगालपेक्षा आफ्रिकेला जवळ. विमानतळाची धावपट्टी समुद्राकाठी खांबांवर उभी केलेली आहे. उतरताना वारा असा लागला की आत्यानं विठ्ठलाला मोठ्यानं हाक मारली आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागं वळून क्रूस केला. दोघींचं जमलं.

बेटाची राजधानी फुंशाल. नाव तिथल्या रानटी बडीशेपेवरून पडलं. मदेरा म्हणजे लाकूड. बेट सगळं उभं. डोंगर कापून पायऱ्या, पायऱ्यांवर केळी, ऊस, द्राक्षं, आणि डोंगराच्या कडेकडेनं आलेले पाण्याचे पाट. त्यांना तिथं लेवादा म्हणतात. आत्या पाटाच्या कडेला उभी राहून म्हणाली, "पाळी कुणाची चालू आहे विचार." विचारलं. खरंच पाळीनं पाणी देतात.

आता मुद्द्यावर येतो. मदेराची वाइन जगात प्रसिद्ध, आणि प्रसिद्ध अशासाठी की ती मुद्दाम तापवतात. वाइनला ऊन लागलं की ती वाया गेली हे शाळकरी पोरालाही माहीत. इथं उलटं. पूर्वी जहाजं अमेरिकेला, हिंदुस्थानला जाताना फुंशालला थांबायची आणि वाइनची पिंपं भरून घ्यायची. प्रवासात टिकावी म्हणून त्यात कडक मद्यार्क घालायची पद्धत पडली. जहाजाच्या तळात, विषुववृत्ताच्या उकाड्यात महिनोन् महिने हिंदकळून काही पिंपं न विकता परत आली. उघडून बघतात तर वाइन नासायच्या जागी सुधारलेली. मग तर मुद्दाम फिरवून आणायला लागले. अशा फिरून आलेल्या वाइनला 'विन्यो दा रोदा' म्हणायचे, फेरीची वाइन. म्हणजे आपल्याकडचं ऊन खाऊन ती परत गेली!

पुढं जहाजाचा खर्च कोण करणार, म्हणून बेटावरच तापवायची सोय केली. दोन रीती आहेत. स्वस्त वाइनसाठी एस्तुफा, म्हणजे टाकीत ठेवून ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने. चांगल्या वाइनसाठी कांतेइरो, म्हणजे लाकडी पिंपं इमारतीच्या माळ्यावर, पत्र्या-कौलांखाली नुसत्या उन्हाच्या तापावर वर्षानुवर्षं. कमीत कमी दोन. एकाच सालच्या द्राक्षांची बाटली, जिला फ्रास्केइरा म्हणतात, ती पिंपात निदान वीस वर्षं काढते. मी उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात आहे, आमची भट्टी चौदाशे अंशांच्या गोष्टी करते. पन्नास अंश ऐकून मला आधी हसूच आलं. पण कास्टिंग साच्यात हळू निवू दिलं की जे होतं आणि घाईनं बाहेर काढलं की जे होतं, तेवढा फरक इथंही आहे हे नंतर कळलं. तेही आत्यामुळं.

फुंशालमध्ये मोठमोठी वाइनघरं आहेत, तिकीट काढून तासाभराची सहल, शेवटी दोन चमचे वाइन. ते आम्ही केलं नाही. भाऊ म्हणाला, वाइन चाखायची एक साधी खोली आहे, टेस्टिंग रूम, रुआ दुश फेरेइरुश रस्त्यावर. फेरेइरो म्हणजे लोहार. म्हणजे लोहारगल्लीच की! फाउंड्रीवाल्याला आणखी काय पाहिजे.

बाहेर मोठी पाटी नाही. आत गेलं की डोळ्यांना दोन मिनिटं काही दिसत नाही. दगडी भिंत, काळपट तुळया, भिंतीला लागून छातीएवढी पिंपं रचलेली. लाकडी टेबल, चार स्टुलं. गाणंबिणं नाही. एक साठीचे गृहस्थ, अंगात स्वेटर, आमच्या गणपत गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानदारासारखे: आलात, बरं झालं, बसा, घाई काय आहे. फळीवर बाटल्या उभ्या, एकही आडवी नाही. ही वाइन एवढी आंबट आणि कडक की बूच कुरतडते, म्हणून उभीच ठेवायची. लेबल कागदाचं नाही. पांढऱ्या रंगानं साच्यातून उमटवलेली अक्षरं, आपल्याकडं पोत्यावर मार्का मारतात तशी. एका बाटलीवर १९०८. आत्यानं बोटांवर हिशोब केला. "माझे सासरे जन्मायच्या आधीची. अजून खराब झाली नाही?"

भावानं भाषांतर केलं. गृहस्थ म्हणाले, "खराब व्हायचं जेवढं होतं तेवढं हिचं आधीच होऊन गेलंय. आता हिला कोण काय करणार?"

तर चार पेले आले, लहान, दोन घोट मावतील एवढे. सेर्सियाल, वेर्देल्यू, बोआल, माल्वाझिया. ही चारही द्राक्षांच्या जातींची नावं. पहिली सगळ्यांत कोरडी, शेवटची सगळ्यांत गोड. गोडी वरून साखर घालून आणलेली नाही. रस आंबत असताना मद्यार्क कधी ओतला त्यावर ती ठरते. लवकर ओतला की आंबणं थांबतं, द्राक्षाची साखर तशीच राहते. उशिरा ओतला की साखर संपलेली असते. नेमक्या वेळेला हात घालायचा हा खेळ. कडकपणा अठरा-वीस टक्के, साध्या वाइनपेक्षा बराच जास्त, व्हिस्कीच्या निम्मा.

आत्या पिणार नव्हती, प्रश्नच नव्हता. तिच्यासाठी पाणी मागवलं. पण पेले समोर आले तसा तिनं पदर नाकावरून काढला, आणि एकेक पेला उचलून वास घ्यायला लागली.

सेर्सियाल: "लिंबाचं लोणचं. मिठातलं. तीन-चार वर्षांचं, काळं पडलेलं."

वेर्देल्यू: "चुलीच्या वर टांगलेली आमसुलं."

बोआलला थांबली. परत वास घेतला. "काय वास येऊलालाय रे... काहील. गूळ उतरायच्या आधी, गुळव्या 'जाळ काढा' म्हणून ओरडायच्या आधी काहिलीवर असा वास येतोय बग."

माल्वाझिया: "ही काकवी. हिच्यात कुणी तरी अक्रोड टाकलाय."

भाऊ भाषांतर करत होता आणि त्या गृहस्थांचा चेहरा बदलत होता. मी तोपर्यंत 'छान आहे, गोड आहे' एवढंच बोललो होतो. ते उठले, आत गेले, आणखी दोन पेले घेऊन आले. काही बोलले नाहीत, आत्यापुढं ठेवले. दोन्ही रंगाला सारखेच, जुन्या पितळेसारखे. आत्यानं एक घेतला, ठेवला. दुसरा घेतला. परत पहिला.

"ह्याला जाळ जास्त लागलाय. घाईचं काम हाय. आणि हे आपलं आपण झालंय."

पहिला पेला एस्तुफाचा होता, दुसरा कांतेइरोचा. गृहस्थ काही क्षण गप्प होते. मग आत्याला हात जोडून नमस्कार केला. कुठं शिकले होते कोण जाणे, पण बरोबर केला.

सोबत बोलो द मेल म्हणून काळपट केक आला. 'मधाचा केक' असं नाव, पण तो मध म्हणजे उसाची काकवी. पंधराव्या शतकापासून बेटावर ऊस आहे. आत्याचा हात पुढं गेला तेवढ्यात भावानं विचारून घेतलं, जुन्या रीतीत लोण्यासोबत डुकराची चरबीही असते. हात मागं. दुसऱ्या दिवशी बेटाच्या पश्चिमेला कल्हेता गावात उसाचा जुना घाणा आहे तिथं गेलो, गाळप चालू होतं, नुसती काकवी बाटलीत मिळाली. आत्याची पोर्तुगालातली सगळी खरेदी एवढीच.

आम्ही दोन बाटल्या घेतल्या, एक वेर्देल्यू, एक बोआल, दोन्ही दहा वर्षांच्या, तीस युरोंच्या आसपास प्रत्येकी. दीड तास बसलो. कुणी उठवलं नाही, 'आणखी काय घेणार' विचारलं नाही. निघताना आत्या म्हणाली, "भला माणूस. धंदा तेवढा बरा नाही."

---

दुसरं_रेल्वे_गेट

भारी लिहिलंय! ऑफिसात वाचत होतो, 'धंदा तेवढा बरा नाही'ला मोठ्यानं हसलो, आता सगळे विचारूलालेत काय झालं म्हणून.

एक तक्रार. बेळगावचा माणूस परदेशी गेला आणि कुंदा घेऊन गेला नाही? त्या स्वेटरवाल्या काकांना कुंदा चाखवायला पाहिजे होता. बोआल आणि कुंदा. विचार कर.

---

उद्यमबाग

अरे, घेऊनच निघालेलो. अर्धा किलो पॅक करून ठेवला होता. भावानं फोनवर सांगितलं, बाहेरच्या देशातून प्रवाशांना युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सापडलं तर कचऱ्यात टाकतील. कुंदा कचऱ्यात जाणार ही कल्पनाच बायकोला सहन झाली नाही. निघायच्या आदल्या रात्री आम्हीच बसून संपवला.

---

निपाणीचा_पाऊस

लेख चांगला आहे, पण मला खटकलं ते सांगतो. माळकरी बाईला दारूच्या गुत्त्यात नेऊन बसवलं आणि त्याचं कौतुक लिहिलंय. 'टेस्टिंग रूम' म्हटलं की गुत्त्याचा गुत्तेपणा जातो का? आमच्या गल्लीत दारूपायी बसलेली घरं मी बघितली आहेत. त्यातलं एक आमचंच. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. पेल्यात अक्रोडाचा वास येतो की आमसुलाचा, ह्यानं काय फरक पडतो?

---

उद्यमबाग

तुमच्याशी वाद घालणार नाही. आमच्या फाउंड्रीतही पगाराच्या दिवशी संध्याकाळी काय होतं ते मी दर महिन्याला बघतो. त्याच्यावर 'वाइन म्हणजे संस्कृती' वगैरे माझ्याकडं उत्तर नाही, आणि कुणी दिलं तर मला पटणारही नाही.

आत्याचं मात्र तिलाच विचारलं, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, "त्याला सांग, मी कुणाच्या सांगण्यावरनं आत गेले नाही, माझ्या पायांनी गेले. आणि त्याचं बरोबर आहे." दोन्ही वाक्यं तिचीच, जशीच्या तशी.

---

निपाणीचा_पाऊस

आत्यांना नमस्कार सांगा. गुत्ता म्हटलं ते मागं घेतो. बाकीचं नाही.

---

तेलसंगचा_बागायतदार

मी अथणी तालुक्यातला. घरची द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि माणिक चमन, बहुतेक सगळं बेदाण्याला जातं. दारू घेत नाही, पण द्राक्षाचं कुठंही निघालं की मी बोलणार.

उद्यमबाग साहेबांनी द्राक्षाबद्दल फारच कमी लिहिलंय, वासातच अडकले. मदेरावर द्राक्ष कसं धरतात ते बघितलं का? मी वाचलंय की तिकडं मांडव एकदम बुटका असतो, माणसाला वाकून, बसून तोडणी करावी लागते. आमच्याकडं मांडव म्हणजे डोक्याच्या वर, खालून ट्रॅक्टर जातो. आणि तिकडची वाइनची द्राक्षं कमी गोडीवरच तोडतात, आंबटपणा टिकावा म्हणून. आमचं सगळं उलटं, बेदाण्याला गोडी जेवढी चढेल तेवढी पाहिजे, नाहीतर वजन येत नाही. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा धरा.

आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर घड. थंडीत वेल झोपतच नाही आपल्याकडं, म्हणून त्याला कात्रीनं झोपवायचं आणि कात्रीनं उठवायचं. युरोपात हिवाळाच ते काम करतो, फुकट.

आत्यांनी 'जाळ जास्त लागलाय' हे ओळखलं त्याचं मला नवल वाटलं नाही. बेदाण्याच्या शेडवर आमची आई हेच करते. द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचं, जाळ्यांवर पसरायचं, वर शेडनेट. सावलीत वारं खाऊन पंधरा दिवसांत वाळतं ते हिरवट राहतं. ऊन लागलं की तांबूस होतं, भाव पडतो. आई डोळे मिटून शेडच्या दारात उभी राहते आणि सांगते कुठल्या जाळीला ऊन लागूलालंय. आता मदेराचं हे वाचून कळलं की तिकडं ऊन लागलेल्याचा भाव वाढतो. आम्ही चुकीच्या देशात जन्मलो!

एक शंका. विजापूर, अथणी, सगळा हा पट्टा द्राक्षाचा. कर्नाटक सरकारनं २००७ साली द्राक्ष प्रक्रिया आणि वाइन धोरण आणलं, वाइन बोर्डही झालं. ऊन तर आमच्याकडं फुकट आहे, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पंचेचाळीस अंश सहज. मग अशी वाइन आपल्याकडं का नको व्हायला?

---

कॅम्पातला_म्हातारा

बागायतदार, उन्हाचं बरोबर, पण आंबटपणाचं काय? मदेराची सगळी मजा त्या आंबटपणावर उभी आहे. बेट समुद्रात, जमीन ज्वालामुखीची, हवा दमट आणि थंड, म्हणून द्राक्ष पिकतं पण आंबट राहतं. थॉमसन तापवून काकवीच होईल, आत्यांना विचारा. ती आंबट धार नसेल तर गोड वाइन दुसऱ्या घोटाला किळस आणते. गोव्याच्या पोर्टचं तेच होतं.

बाकी आमच्या कॅम्पाशी ह्याचा संबंध आहे तो कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. बेळगावचा किल्ला इंग्रजांनी १८१८ साली घेतला आणि पुढं इथं छावणी बसली. त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची मेसमधली लाडकी वाइन मदेराच होती. कारण सरळ आहे: फ्रान्सची हलकी वाइन ह्या उन्हात टिकायची नाही, आणि मदेरा तर उन्हातूनच आलेली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इकडं येताना फुंशालला थांबून पिंपं भरून घ्यायची. अमेरिकेतही तेच वेड, १७७६ साली स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आनंद त्यांनी मदेरानंच साजरा केला म्हणतात.

मग एकोणिसाव्या शतकात बेटाचं नशीब फिरलं. १८५१ च्या सुमारास भुरी, म्हणजे वेलावरची पांढरी बुरशी आली, १८७२ च्या सुमारास फायलोक्सेरा, म्हणजे मुळं खाणारी कीड. बागाच्या बागा गेल्या. त्यातून धंदा पूर्वीसारखा कधीच सावरला नाही. म्हणूनच तुम्हाला त्या खोलीत निवांत दीड तास बसता आलं.

---

तेलसंगचा_बागायतदार

भुरी! काका, भुरीचं नाव काढलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. गंधकाची भुकटी मारत आमची हयात गेली. एकशे सत्तर वर्षांपूर्वी औषध माहीत नसताना त्यांनी काय केलं असेल.

आंबटपणाचं पटलं.

---

साखळीचो_पाव

गोंयकार हजर आहे. शेजाऱ्यांनो, पोर्टला एवढं का झोडता? आमची पोर्ट ही पोर्तुगालची पोर्ट नव्हे हे आम्हालाही माहीत आहे. खरी पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यातली, तो प्रदेश १७५६ मध्येच आखून दिलेला आहे, आणि ती मुरते नदीच्या मुखाशी, गायाच्या थंड कोठारांत. मदेरा माळ्यावर उन्हात आणि पोर्ट कोठारात सावलीत, दोन्हींत मद्यार्क, पण वळण वेगळं. आमची बाटली नाताळात बेबिंका, म्हणजे आमचा थराथरांचा केक खाताना, आजीच्या हातात, अर्धा पेला. तिचं तेवढंच काम.

आणि गोव्यात येऊन बाटली न्यायचीच असेल तर काजूची फेणी न्या. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. एप्रिल-मेमध्ये आलात तर हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, लिमका घालून. आत्यांना मात्र फेणीच्या भट्टीवर नेऊ नका. त्या नाकाला ते झेपणार नाही.

---

दुसरं_रेल्वे_गेट

फेणीचा वास कणकुंबीच्या नाक्यावरच्या पोलिसालाही बंद डिकीतून येतो, त्याला आत्याचं नाक लागत नाही.

---

खानापूरची_माहेरवाशीण

मला दुसरंच सुचलं. पहिल्या लेखात पिंप हा शब्द इतक्यांदा आला. हे मूळ पोर्तुगीज आहे, 'पीपा'. वाइनचं मोठं लाकडी भांडं, तेच. म्हणजे तुम्ही फुंशालला ज्याच्यासमोर बसला होता त्याला तिथला माणूस पीपा म्हणत होता आणि तुम्ही पिंप. आमच्याकडं खानापुरात अंगणात पाण्याचं पिंप असतंय, निळं, प्लॅस्टिकचं. कुठून कुठं आलं बघा. चावी, पगार, इस्त्री, बटाटा, सगळे तिकडूनच आलेले पाहुणे. आणि निपाणीकर रागावू नका, तुमच्या गावाचा तंबाखूसुद्धा!

दोन प्रश्न. एक, आम्ही तिघी बहिणी पुढच्या वर्षी जाणार आहोत, पुरुष कुणी सोबत नाही. अशा ठिकाणी बायकांनीच जाऊन बसलं तर चालतं का? इथं वाइन शॉपच्या समोरून जातानासुद्धा आम्ही पदर सावरून मान खाली घालतो, म्हणून विचारतेय. दोन, बाटल्या आणताना फुटल्या नाहीत?

---

उद्यमबाग

पिंपाचं मला आत्तापर्यंत लक्षातच आलं नव्हतं! भाऊ तिथं 'पीपा' म्हणत होता आणि मी समजत होतो की तो मराठीत बोलतोय.

१. खुशाल जा. आमच्या शेजारच्या टेबलावर दोन म्हाताऱ्या बायका होत्या, विणकाम काढून बसल्या होत्या. कुणी बघतही नाही. सकाळी अकराच्या आत-बाहेर जा, जेवायच्या आधी. दुपारी जहाजाचे प्रवासी उतरतात तेव्हा गर्दी होते. पोटात काही तरी घालून जा. पेले लहान दिसतात, पण चार झाल्यावर मला पायरी दोनदा दिसली. आणि पेला संपवायचं बंधन नाही, उरलेलं ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं. माझ्या बायकोनं तीन पेले अर्धे ओतले. माझा जीव तळमळला, पण कुणी तोंड वाकडं केलं नाही.

२. फुटल्या नाहीत. एकेक बाटली धोतरात गुंडाळली (आत्याचा सल्ला, धोतर माझं), मग कपड्यांच्या मध्ये, चेक-इन बॅगेत. भारतात येताना मोठ्या माणसामागं दोन लिटरपर्यंत जकात लागत नाही. पुढं विमानतळापासून घरापर्यंतचे राज्याचे नियम वेगळे, ते निघण्याआधी बघून घ्या, आणि खरेदीची पावती बाटलीसोबतच ठेवा.

सगळ्यांत सोयीचं हे की ही वाइन उघडली तरी महिनोन् महिने टिकते. साधी वाइन तिसऱ्या दिवशी व्हिनेगर. हिला हवेनं, उन्हानं जे करायचं ते करून झालेलं असतं. आमची बोआल जूनमध्ये उघडली, अजून अर्धी आहे, कपाटात, फ्रीजमध्ये नाही.

---

सीमेवरचा_वाघ

बाटलीवर कुठली भाषा होती? पोर्तुगीज आणि इंग्रजी दोन्ही? अक्षरांचा आकार सारखा होता का? आमच्याकडं दुकानाच्या पाटीवरून

---

संपादक

वाघ, तुमचा प्रतिसाद पुढं अकरा परिच्छेद होता, कापला आहे. त्या विषयाचे चार धागे आधीच वाहते आहेत. इथं वाइन, गूळ, द्राक्ष, आत्या.

---

उद्यमबाग

वाघसाहेब, आत्यानं तिथं हेच म्हटलं होतं, "पाटीवरनं इथं कुणी भांडत नाही वाटतं." भाऊ म्हणाला, "आत्या, इथं पाटीच नाही."

---

दुसरं_रेल्वे_गेट

ते राहू दे. बोआल आणि कुंद्याचं काय झालं? घरी येऊन केलंस की नाही प्रयोग?

---

उद्यमबाग

केला. कालच. पाऊस लागून राहिला होता, लाइट गेलेली. ताजा कुंदा आणला, करपट वासाचा, जरा जास्त आटलेला मागून घेतला. बोआल दोन बोटं.

पहिला घास कुंद्याचा, मग घोट. खरं सांगतो, आधी काहीच कळलं नाही, दोन्हींची गोडी एकमेकांत मिसळून गेली. दुसऱ्यांदा उलटं केलं, घोट आधी आणि घास नंतर. तेव्हा तो आंबटपणा वर आला आणि कुंद्यातलं तूप कापून टाकलं, लिंबानं तेलकट ताट धुतल्यासारखं. मग थांबवेना. कॅम्पातल्या काकांचं खरं आहे, आंबट धार नसती तर ही नुसती काकवी.

गोकाकचं करदंटही घेऊन बघितलं, त्याच्याबरोबर वेर्देल्यू. डिंक आणि सुक्या मेव्याला ती जास्त जमते. माझ्या मते कुंद्यापेक्षा हीच जोडी सरस. शिव्या खायला तयार आहे.

आत्या समोर बसली होती. कुंदा खाल्ला, पेल्याचा वास घेतला, म्हणाली, "तिथं जास्त चांगला येत होता." मी म्हटलं, तीच बाटली, तोच माल. तर म्हणाली, "तिथं पिंपं होती रे आजूबाजूला. हिच्यात एकटीचा वास आहे."

---

कॅम्पातला_म्हातारा

बरोबर बोलल्या. अशा वाइनघरांत वर्षाला पिंपातली थोडी थोडी वाइन हवेत उडून जाते. तुम्ही त्या खोलीत बसलात म्हणजे दीड तास फुकटात शंभर वर्षांची वाइन नाकानं प्यायलात. आत्या सगळ्यांत जास्त.

---

निपाणीचा_पाऊस

म्हणजे आत्यांची माळ...?

---

उद्यमबाग

हे मी तिला वाचून दाखवणार नाही.

---

तेलसंगचा_बागायतदार

आत्यांना आमच्याकडचं आमंत्रण सांगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेड भरलेलं असतं. आमच्या आईच्या शेजारी दारात उभं राहून वास घ्यावा, कुठल्या जाळीला ऊन लागलंय ते दोघींनी सांगावं. आई म्हणते, तिच्याशी पैज लावायला पहिल्यांदाच कुणी तरी मिळतंय.

---

उद्यमबाग

विचारलं. "एकादशी सोडून कधीही," म्हणाली. आणि पैजेचा बेदाणा आधीच तोलून ठेवायला सांगितलाय, पाच किलो.